तळोबाच्या तळव्यावरचा लाल ठिपका

मी दोन तोंडांची एक जुनी पेन्सिल आहे. एक तोंड लाल, दुसरं निळं. मित्रांनो, ही गोष्ट माझ्याकडून नीट सांगितली जाईल की नाही, याची मला शंका आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदांच्या कडेला एखाददुसरा शब्दच लिहीत आले. सलग काही सांगायची वेळ कधी आली नाही. शिवाय जे घडलं त्याला चार महिने होऊन गेले, तरी माझं लाकूड आतून अजून हादरलेलं आहे. कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो कोणत्या गावी होता ते सांगता येत नाही, कारण तिथून निघताना मी खोक्यात होते. मऊ लाकडाच्या पट्ट्यांत खाचा कोरल्या, अर्ध्या खाचेत लाल शिस घातलं, अर्ध्या खाचेत निळं, मग वरून दुसरी पट्टी चिकटवली. आम्ही बाराजणी एका खोक्यातून जाफराबादच्या दुकानात आलो आणि तिथून बद्रीनाथ सरांच्या हाती पडलो.

टेंभुर्णीहून थोडं आत गेलं की सरांचं गाव लागतं. तिथल्या शाळेत ते चित्रकला शिकवत. सर फार कमी बोलत. वर्गात शिरतानासुद्धा आपण चुकून दुसऱ्याच्या वर्गात आलो की काय, अशा चेहऱ्याने शिरत. घरी पुस्तकं भरपूर होती. माणसांपेक्षा त्यांना पुस्तकांसमोर बसणं सोपं जाई, कारण पुस्तक उलट प्रश्न विचारत नाही.

आमच्या खोक्यातली पहिली बहीण सरांनी दोन्ही बाजूंनी वापरली. चूक असेल तिथे लाल, चांगलं असेल तिथे निळं. एकदा सहावीतल्या रेणुकाने मेंढीचं चित्र काढलं. मेंढी छान होती, पण तिचा मागचा पाय गुडघ्यात उलटा वळला होता. सरांनी त्याच चित्रावर लाल शिसाने पायाची खरी रेघ ओढून दाखवली. दुसऱ्या दिवशी रेणुका शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ते सगळं वर्ष ती आली नाही. मेंढरांमागे गेली असेल, असं हेडमास्तर म्हणाले. सरांचा विश्वास बसला नाही. आपल्या लाल रेघेनेच पोरीचं मन मोडलं, असं त्यांनी धरून घेतलं. कोणाला विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही. पुढच्या जूनमध्ये रेणुका वर्गात येऊन बसली, तेव्हाही त्यांनी तिला काही विचारलं नाही.

त्यानंतर सरांनी लाल बाजू जवळजवळ सोडून दिली. माझ्या बहिणी झिजल्या, काही इतरांना दिल्या गेल्या. मी शेवटची. मला पाहाल तर माझा निळा भाग बोटभरसुद्धा उरलेला नव्हता आणि लाल टोक मात्र कारखान्यातून आलं तसंच. निळ्याने मी हजारदा तरी ‘छान’ लिहिलं असेल. ते दिवस मला आवडत. मुलं माझ्याभोवती गर्दी करत, ‘सर, मला निळं द्या’ म्हणत. खरं सांगायचं तर मीही फुगून गेले होते. आपण कोणाला दुखवत नाही, म्हणजे आपण चांगल्या, असं मला वाटे.

सर निवृत्त झाले आणि माझी रवानगी पत्र्याच्या डब्यात झाली. तिथे एक गंजका कंपास आणि खडूचे दोन तुकडे होते. आठ वर्षं मी अंधारात होते. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

डबा उघडला तो रेणुकामुळे. ती चित्रकलेचा डिप्लोमा करून संभाजीनगरहून परत आली होती. मुलांच्या पुस्तकांसाठी ती प्राणी काढायची. जगात नसलेले प्राणी, नव्या घडणीचे. गावाने तिला एक काम सांगितलं. आमच्याकडे मोसंबीच्या बागा आहेत आणि बागांसाठी शेततळी आहेत. शेततळ्यात पाणी झिरपू नये म्हणून काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्यावर शेवाळ धरतं. माणूस एकदा घसरला की वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एक पोरगं गेलं होतं. म्हणून ठरलं की प्रत्येक तळ्यापाशी पत्र्याची पाटी लावायची आणि तिच्यावर असा एक प्राणी काढायचा, की लहान मूल त्याला बघून तिथेच थांबेल. वाचता न येणारं मूलसुद्धा.

रेणुकाने जो प्राणी काढला त्याचं नाव तिने तळोबा ठेवलं. रंगवायच्या आधी ती कागद घेऊन सरांकडे आली. सरांनी मला डब्यातून काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि कागद समोर घेतला.

मित्रांनो, तळोबा खरोखर देखणा होता. बेडकाचं रुंद तोंड, रेडकाचे लोंबते कान, अंगावर खवले, गोल पोट आणि मोठे ओले डोळे. तो पाण्यातून अर्धा वर आला होता आणि त्याने एक हात पुढे केला होता. त्याने ‘थांबा’ म्हणावं, अशी रेणुकाची इच्छा होती. पण त्याची बोटं जराशी आत वळली होती. सर बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या बोटांतून मला कळत होतं की त्यांना काय दिसलंय. तो हात थांबवत नव्हता, बोलावत होता.

त्यांनी मला लाल बाजूने धरलं. माझं टोक तळोबाच्या तळव्यावर टेकलं. तिथे एक ठिपका उमटला. एवढाच, मसुराच्या डाळीएवढा.

"कसं वाटलं सर?" रेणुकाने विचारलं. "खरं सांगा बरं."

सरांचा हात थांबला. त्यांना ती मेंढी आठवली असणार. त्यांनी मला बोटांतल्या बोटांत उलटं फिरवलं आणि कोपऱ्यात निळ्याने लिहिलं, ‘फार छान’.

"हात..." सर म्हणाले, "हात सुंदर काढलास."

मी लिहिलेल्या हजार शब्दांपैकी कोपऱ्यातले ते दोन शब्द मला परत घ्यायचे आहेत. निळं शिस खोडता येत नाही, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

पुढे जे झालं ते ऐकून तुम्हाला धक्का बसेल. मला अजून बसतो. रेणुकाने घरी जाऊन तो लाल ठिपका पाहिला आणि तिला वाटलं, सर उगाच ठिपका देणार नाहीत, त्यांना तिथे लाल रंग हवा असेल. रस्त्यावरचा थांबण्याचा दिवासुद्धा लालच असतो. तिने प्रत्येक पाटीवर तळोबाच्या तळव्यात टपोरा लाल गोल रंगवला.

पहिली पाटी रामकिसन यांच्या बागेतल्या तळ्यावर लागली. रेणुकाचे वडील धुळाजी मेंढरं घेऊन तिथूनच जात. ते पाटीसमोर काठीवर रेलून उभे राहिले आणि म्हणाले, या जनावराला रामकिसन घरची पोळी चारून राह्यला वाटतं, एवढं पोट आन् एवढुसे पाय, माझ्या कळपात असतं तर पहिल्याच ओढ्यात वाहून गेलं असतं. लोक हसले. मग रेणुकाची आई आसराबाई आल्या. त्यांचा जन्म नवसाचा. पाण्याजवळच्या आसरा देवींना नवस बोलून झालेली मुलगी, म्हणून नाव आसराबाई. त्यांनी पाण्यातून वर आलेलं ते रूप पाहिलं, पुढे केलेला हात पाहिला, तळव्यावरचा लाल गोल पाहिला आणि पदर डोक्यावर घेतला.

"हा तर आशीर्वाद देऊन राह्यलाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्या लाल गोलावर कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी लावलं. आठवड्यात पाटीपुढे नारळ फुटला, कोणी दहीभाताचा नैवेद्य ठेवला. रामकिसन यांनी तळ्याला तारेचं कुंपण केलं होतं आणि त्याला फाटक होतं. बायकांना पूजेला यायला अडचण नको म्हणून ते फाटक उघडं राहू लागलं.

हे सगळं सरांच्या कानावर आलं. ते गार पडले. आठ दिवस त्यांनी मला खिशात घेऊन फिरवलं. रोज सकाळी रेणुकाच्या घराच्या वळणापर्यंत जायचे आणि परत यायचे. आपल्याला चित्रातलं कळतं तरी किती, एवढी शिकलेली पोरगी, तिला आपण काय सांगणार, असं ते पुटपुटत. नवव्या दिवशी रविवार होता. सर रेणुकाकडे न जाता थेट तळ्याकडे निघाले. आधी लांबून पाहू, कदाचित आपलीच नजर चुकली असेल, असं त्यांना वाटलं.

नजर चुकली नव्हती. बांधावरूनसुद्धा दिसत होतं. तळोबा हसत होता आणि ‘ये’ म्हणत होता.

आणि त्याच्या हाकेला कोणीतरी गेलं होतं.

पाटीच्या पलीकडे, तळ्याच्या कडेवर, पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी उकिडवी बसली होती. रेणुकाच्या भावाची मुलगी, राजनंदिनी. सहा वर्षांची. तिच्या हातात गूळपोळीचा तुकडा होता. बायका नैवेद्य पाटीपुढे ठेवायच्या, पण राजनंदिनीने विचार केला होता की तळोबा राहतो पाण्यात, तर पाटीपुढची पोळी त्याला मिळणार कशी? तिने हात लांबवला. पिवळा फ्रॉक काळ्या कागदावरून खाली गेला. आवाज झाला नाही. मित्रांनो, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. काहीच आवाज झाला नाही.

सर जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या छातीचे ठोके मला खिशात लागत होते. ज्या माणसाने वर्गातही कधी आवाज चढवला नाही, त्याने तोंड उघडलं आणि आधी नुसती हवा बाहेर आली. मग दुसऱ्यांदा आवाज फुटला.

"धुळाजी! धुळाजी, पोरगी पाण्यात!"

बागेपलीकडच्या पडीक रानात मेंढरं चरत होती. धुळाजी कुंपण ओलांडून आले. ते पाण्यात उतरले नाहीत. उतरले असते तर दोघंही गेले असते, हे त्यांना माहीत होतं. ते कडेवर पालथे पडले, खांद्यावरचं घोंगडं सोडून त्याचं एक टोक मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं पाण्यात फेकलं. सर त्यांच्या पायांवर जाऊन पडले आणि दोन्ही हातांनी घोटे धरून राहिले. मी खिशातून घसरून मातीत आपटले. माझं शिस आतल्या आत तडकलं ते तेव्हा.

धुळाजींचा आवाज मात्र मेंढराला बोलवावं तसा शांत होता.

"पोरी, घोंगडं धर. मला बघू नको, घोंगडं धर. हां. आता सोडू नको."

ती कागदावर गुडघे टेकून वर यायची आणि परत खाली जायची. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी धुळाजींनी तिला ओढून वर घेतलं. ती खोकली, तिच्या नाकातोंडातून पाणी आलं आणि ती रडायला लागली. ते रडणं ऐकून दोन म्हातारे पुरुष मातीत बसून राहिले. वर पाटीवर तळोबा हसतच होता.

सरांनी मला मातीतून उचलून घरी आणलं आणि टेबलावर ठेवलं. दुपारी रेणुका त्यांच्या घरी आली. चित्राचा कागद तिच्या हातात होता, चारी बाजूंनी चुरगळलेला. तिचा चेहरा मला ओळखू येईना. मी आता चित्र काढणार न्हाई, एवढंच ती म्हणाली, आणि कागद फाडायला घेतला.

सरांनी तिचा हात धरला. मग त्यांनी कागद सपाट केला आणि तळव्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा ठिपका रंग भरण्यासाठी नव्हता, रेणुका. मला इथे चूक दिसली होती. हा हात बोलावतो, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं."

रेणुकाने तो ठिपका जवळून पाहिला.

"मंग बोलला का न्हाई सर?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आन् आता?"

सरांनी खाली बघत त्या मेंढीची गोष्ट सांगितली. लाल रेघेची, आणि तिच्या त्या वर्षभर न येण्याची. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच कोणाजवळ बोलत होते. रेणुकाने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "सर, त्या वर्षी आम्ही मेंढरं घेऊन लांब गेल्तो. पाऊस झाला न्हाई म्हणून. तुमची रेघ मला कशाला लागंल? ते चित्र माझ्याजवळ अजून हाये. मेंढीचा पाय मी त्याच्यावरूनच शिकले."

सर खुर्चीत मागे टेकले. पंधरा वर्षं एका माणसाने स्वतःला ज्या गुन्ह्याची शिक्षा दिली, तो गुन्हा झालाच नव्हता. आणि त्या शिक्षेपायी आज एक पोरगी बुडाली असती.

रेणुकाने मला उचललं, लाल बाजू खाली करून सरांच्या हातात दिलं.

"आता लिहा," ती म्हणाली. "जे दिसंल ते समदं."

सरांनी लिहिलं. माझं तडकलेलं शिस दोनदा मोडलं, दोनदा टोक काढावं लागलं. तोंड हसरं आहे. डोळे लळा लावणारे आहेत. पोट पाहून हात लावावासा वाटतो. नावात ‘बा’ आहे, म्हणून लोक हात जोडतात. हात बोलावतो. प्रत्येक ओळीखाली रेणुका ‘बराबर’ म्हणत गेली. तिचे डोळे भरत होते, पण ती उठली नाही.

मग दात मोठे करायचे का, शिंगं द्यायची का, असा प्रश्न आला. सर म्हणाले की राक्षस काढला तर मुलं त्याला दगड मारायला तळ्यावर जातील. आपण मुलं होतो तेव्हा हेच केलं असतं. दोघांनाही पुढचं सुचेना. म्हणून मला घेऊन दोघं धुळाजींच्या घरी गेले आणि रेणुकाने राजनंदिनीलाच विचारलं, तुला तिथं काय झालं?

राजनंदिनी आजोबांच्या मांडीवर बसून होती. ती म्हणाली, "मी वर येऊन राह्यली होती आत्या, पण कागद मला खाली ओढायचा. नखं लावली तरी ओढायचा."

रेणुकाने तिथेच, जमिनीवर बसून, नवं चित्र काढलं. प्राणी तोच. पण आता तो पाण्यातून वर यायला बघत होता. चारी पायांची नखं काळ्या कागदात रुतवली होती आणि तरी तो खाली चालला होता. तोंड उघडं. डोळे आपल्याकडे नव्हते, वरच्या कडेकडे होते, जिथे त्याला पोचता येत नव्हतं. त्याने कोणाला बोलावलं नव्हतं. त्याला स्वतःलाच कोणी ओढून घ्यावं, असं वाटत होतं. सहा वर्षांच्या मुलालाही कळेल की एवढ्या नखांचं जनावर जिथून निघत नाही, तिथून आपण काय निघणार.

धुळाजींनी चित्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. घसरणाऱ्या मेंढराची बोटं फाकतात, ते म्हणाले, ही मिटलेली हायेत, हे घसरून न्हाई राह्यलं, नाटक करून राह्यलंय. सरांनी माझ्या लाल टोकाने तिथे खूण केली. रेणुकाने बोटं फाकवली. आणि एकाएकी ते जनावर खरोखर घसरू लागलं. आसराबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या उठल्या, ओलं फडकं घेतलं आणि एकट्याच तळ्यावर गेल्या. देवाला पुसू नये म्हणतात, पण जुन्या पाटीवरचं कुंकू त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. फाटक लावलं, आणि फाटकाला तार गुंडाळून परत आल्या.

नव्या चित्राच्या कोपऱ्यात सरांनी काही लिहिलं नाही. रेणुकाने विचारलंही नाही.

नव्या पाट्यांवर नाव नव्हतं. प्रत्येक पाटीशेजारी गाठी मारलेला दोर आणि टायरची जुनी ट्यूब टांगली, हे धुळाजींनी सुचवलं. पहिली पाटी लागली त्या दिवशी राजनंदिनी आत्याचं बोट धरून आली होती. तिने फाटकाबाहेरून त्या घसरणाऱ्या जनावराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कोणी काही न सांगता ती दोन पावलं मागे सरकली.

सरांनी ते पाहिलं. त्यांनी मला खिशातून काढलं, रेणुकाच्या हातातला नव्या चित्राचा कागद घेतला, आणि माझ्या उरल्यासुरल्या निळ्या टोकाने कोपऱ्यात लिहिलं, ‘छान’. त्याआधीचे माझे हजार ‘छान’ मला त्या दिवशी फिके वाटले.

आता माझी दोन्ही टोकं जवळजवळ सारखी झाली आहेत. मी फार दिवस पुरणार नाही. आतून तडकलेली पेन्सिल लवकर संपते. म्हणून मित्रांनो, मी असेपर्यंत एक मागणं मागून ठेवते. तुमचा सोबती तुमच्यापुढे चित्र ठेवेल, निबंध ठेवेल, आणि विचारेल, कसं वाटलं? तेव्हा त्याला दुखवू नका, हे तर खरंच. पण तुम्हाला जे दिसलं ते गिळूनही टाकू नका. नुसता ठिपका देऊन गप्प बसू नका. तो ठिपका कशाचा आहे, ते त्याच्याजवळ बसून, हळू आवाजात, पण त्याच दिवशी सांगा.

तळोबाचं पहिलं चित्र सरांनी फाडू दिलं नाही. ते त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चुरगळलेलं तसंच लावलेलं आहे. रोज सकाळी सर माझं लाल टोक काढतात, आणि टोक काढताना त्या ठिपक्याकडे बघतात.